कुंभारीण माशी आणि मातीची एक गोळी

डोंगरात एक धरण होतं. लहानसंच. या काठावरून हाक मारली की त्या काठाला ऐकू जाईल, एवढंच.

धरणाला होतं एक लोखंडी दार. दारातून निघायचा पाट. पाट म्हणजे पाण्याची वाट. ती डोंगर उतरायची. वळायची. पुन्हा वळायची. आणि अगदी खाली, शेवटच्या शेताशी संपायची.

शेवटच्या शेताशी एक काळा दगड होता. त्या दगडावर कुंभारीण माशी मडकं करत होती.

कुंभारीण माशी म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. तिची कंबर बारीक. तिचे पाय पिवळे. ती ओल्या मातीची गोळी आणायची आणि थापायची. दुसरी आणायची आणि थापायची.

भुणभुण, थाप थाप.
भुणभुण, थाप थाप.

झालं मडकं. बोराएवढं गोल. आत तिने एक अंडं ठेवलं. अंड्यात होतं तिचं बाळ.

आता राहिलं फक्त मडक्याचं तोंड. त्याला हवी एक गोळी. एकच.

माशी खाली उतरली. माती काल ओली होती. आज बघते तर कोरडी. फुटाण्यासारखी कडक.

माशीने पायाने खरवडलं. काही निघेना. ती घाबरली. मडक्याचं तोंड उघडं राहिलं, तर मुंग्यांना वास लागेल. मुंग्या आत शिरतील. मग बाळाचं काय होईल?

माशी मातीला म्हणाली,
"मडक्याचं तोंड मिटेना.
माती, माती, भिजशील का?"

माती म्हणाली, "मी आपली आपण कशी भिजू? पाट वाहेना. पाट वाहिला की भिजेन."

माशी उडाली. भुणभुण भुणभुण.

पाट तिथेच होता. पण त्यात पाणी नव्हतं. वाळकी पानं होती. एक सरडा होता. सरडा पाटाच्या मधोमध ऊन खात बसला होता, जणू पाट त्याच्यासाठीच खणला होता.

माशी पाटाला म्हणाली,
"माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
पाटा, पाटा, वाहशील का?"

पाट म्हणाला, "वाहायला पाणी नको का? धरणाचं दार उघडेना. दार उघडलं की वाहीन."

माशी उडाली. भुणभुण भुणभुण. वर, वर, डोंगरावर. पहिलं वळण. दुसरं वळण. पंख दुखले. मग आलं धरण.

धरणात पाणी होतं. निळं. गार. डुलणारं. माशी बघतच राहिली. तिला वाटलं, आता कोणाला विचारायचं कशाला? काठावर दगडच दगड होते. पण दोन दगडांच्या फटीत थोडी ओली माती होती. तिने एक गोळी केली. तोंडात धरली. आणि निघाली घरी.

पहिल्या वळणावर गोळी ओली होती.
दुसऱ्या वळणावर गोळी वाळली.
दुसरं वळण सरलं आणि गोळी तडकली.
घर दिसायच्या आधीच तिचा भुगा झाला. वारा आला. भुगा गेला.

पाणी खूप होतं. पण लांब होतं.

माशी परत फिरली. पुन्हा वर, वर, डोंगरावर. धरणाच्या दाराशी बसली.

माशी दाराला म्हणाली,
"पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
दारा, दारा, उघडशील का?"

दार जुनं होतं. गंजलेलं होतं. ते कुरकुरत म्हणालं, "मला का हात आहेत? माझं चाक लहानूबाबांकडे. चाक फिरेना. चाक फिरलं की उघडेन."

माशी उडाली. भुणभुण भुणभुण.

लहानूबाबा धरणाच्या भिंतीवर बसले होते. पाटाला पाणी सोडायचं, पाटाचं पाणी बंद करायचं, हे त्यांचं काम. मांडीवर भाकरी होती. पण ते खात नव्हते. डोळ्यांवर हात धरून खाली, लांब, शेवटच्या शेताकडे बघत होते.

माशी त्यांच्या पागोट्यावर बसली. म्हणाली,
"दार उघडेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
लहानूबाबा, लहानूबाबा, चाक फिरवाल का?"

लहानूबाबांनी आधी भाकरीचा तुकडा मोडला. मग तो तसाच ठेवला. मग त्यांनी माशीला इथली रीत सांगितली. पहिलं पाणी शेवटच्या शेताला. शेवटचं शेत भिजलं, की त्याच्या वरचं. मग त्याच्या वरचं. म्हणजे खालचं कोणी कोरडं राहत नाही. शेवटच्या शेतात चांगुणा असते. पाट नीट आहे असं बघून ती काठीला लाल फडकं बांधते. ते निशाण. निशाण दिसलं, की चाक फिरवायचं.

"आज निशाण दिसेना," लहानूबाबा म्हणाले.

माशी म्हणाली, आज निशाणाशिवाय फिरवा. एकदाच.

लहानूबाबा हळूच म्हणाले, "गेल्या साली फिरवलं होतं गं. निशाण न बघता. मला वाटलं, असेल पाट नीट. पाट नव्हता नीट. पाणी फुटलं, आणि चांगुणाचं कांद्याचं रोप वाहून गेलं. ती मला एक शब्द बोलली नाही. निशाण लागलं की फिरवीन."

माशी उडाली. भुणभुण भुणभुण. खाली, खाली, शेवटच्या शेतात.

चांगुणा पाटाच्या कडेला बसली होती. शेजारी काठी. हातात लाल फडकं. फडक्याची घडी घालत होती. घडी मोडत होती. पुन्हा घालत होती.

माशी काठीवर बसली. म्हणाली,
"चाक फिरेना,
दार उघडेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
चांगुणाताई, चांगुणाताई, निशाण लावशील का?"

चांगुणाने बोट दाखवलं. पाटाच्या कडेला एक बीळ होतं. खोल. आरपार. पाणी आलं की तिथूनच फुटणार. बीळ बुजवायला दगड आणला होता. मातीचा ढीग केला होता. पण बिळात होता खेकडा.

तिने त्याला बोलावून पाहिलं होतं. आत गवताची काडी घालून हळूच हलवलीही होती. खेकड्याने काडीच मोडून ठेवली.

"आत जीव आहे," चांगुणा म्हणाली. "त्याच्या अंगावर माती कशी लोटू? खेकडा निघाला की बीळ बुजवीन. बीळ बुजलं की निशाण लावीन."

माशी उडाली. भुणभुण. अगदी थोडीच. बीळ तिथेच तर होतं.

बिळाच्या तोंडाशी दोन डोळे होते. काडीवर मणी ठेवावेत, तसे.

माशी डोळ्यांना म्हणाली,
"बीळ बुजेना,
निशाण लागेना,
चाक फिरेना,
दार उघडेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
खेकड्या, खेकड्या, निघशील का?"

डोळे आत गेले. डोळे बाहेर आले.

"मला काय हौस आहे, माशीताई?" खेकडा म्हणाला. "माझंही अंग वाळत आलं. मला ओढ्यात जायचंय. पण तो बघ, बगळा. झोपल्याचं सोंग करतोय. एक डोळा उघडा ठेवून कोणी झोपतं का? बगळा हलेना. बगळा हलला की निघेन."

माशी वळली. खरंच, बांधावर बगळा होता. पांढरा. एका पायावर. एक डोळा मिटलेला, एक उघडा.

माशी जरा लांबच बसली. म्हणाली,
"खेकडा निघेना,
बीळ बुजेना,
निशाण लागेना,
चाक फिरेना,
दार उघडेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
बगळ्या, बगळ्या, हलशील का?"

बगळ्याने दुसरा डोळा उघडला. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूही चालली असतीस मला," तो म्हणाला. "पण तुला मागे काटा आहे."

माशी आणखी लांब बसली.

मग बगळ्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. रोज चंद्री म्हैस चरायला निघते. तिचे पाय गवतात पडतात. गवतातून नाकतोडे उडतात. ते तो टिपतो. पोट भरतं. मग खेकड्याकडे तो बघतही नाही. त्याच्या नांग्या घशात टोचतात.

"पण आज म्हैस उठेना," बगळा म्हणाला. "म्हैस उठली की हलेन."

माशी उडाली. भुणभुण... भुणभुण... आता पंख फार दुखत होते.

वाटेत तिचा काळा दगड लागला. तिने खाली पाहिलं. मडकं होतं. तोंड उघडं होतं. दगडाच्या पायथ्याशी एक मुंगी फिरत होती. एकच. इकडे हुंग, तिकडे हुंग.

माशी थांबली नाही.

चंद्री म्हैस जांभळीच्या झाडाखाली बसली होती. मोठी. काळी. डोळे अर्धे मिटलेले. ती रवंथ करत होती. चघळ चघळ. चघळ चघळ.

माशी तिच्या शिंगावर बसली. म्हणाली,
"बगळा हलेना,
खेकडा निघेना,
बीळ बुजेना,
निशाण लागेना,
चाक फिरेना,
दार उघडेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मडक्याचं तोंड मिटेना.
चंद्री, चंद्री, उठशील का?"

चंद्रीने कान हलवला. म्हणाली, "उठून जाऊ कुठे, बाई? अंग तापलंय. शेताखाली माझा खळगा आहे. पाटाचं उरलेलं पाणी त्यात येतं. तिथे मी डुंबते. पण आज पाट वाहेना. पाट वाहिला की उठेन."

चघळ चघळ. चघळ चघळ.

माशी उडाली नाही.

आता जायचं कुठे? पाटाकडे? पाटाकडे तर ती जाऊन आली होती. ती शिंगावरच बसून राहिली. पंख मिटून. विचार करत.

मग ती हळूहळू म्हणायला लागली. कोणाला विचारायला नाही. नुसतंच, आपलं आपण.

"म्हैस उठेना,
म्हणून बगळा हलेना.
बगळा हलेना,
म्हणून खेकडा निघेना.
खेकडा निघेना,
म्हणून बीळ बुजेना.
बीळ बुजेना,
म्हणून निशाण लागेना.
निशाण लागेना,
म्हणून चाक फिरेना.
चाक फिरेना,
म्हणून दार उघडेना.
दार उघडेना,
म्हणून पाट वाहेना.
पाट वाहेना..."

माशी थांबली.

चंद्रीचं चघळणंही थांबलं.

"पाट वाहेना, म्हणून?" चंद्रीने विचारलं.

"म्हणून म्हैस उठेना," माशी म्हणाली.

जांभळीचं एक पान पडलं.

"म्हणजे मी पाटाची वाट बघतेय," चंद्री म्हणाली. "आणि पाट माझी."

"हो," माशी म्हणाली.

"हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

चंद्रीने मोठा श्वास घेतला. फुस्स. मागचे पाय टेकले. पुढचे पाय टेकले. अंग तापलेलंच होतं. खळगा कोरडाच होता. तरी ती म्हणाली,

"मग मी उठते."

आणि म्हैस उठली.

धबक धबक, धबक धबक. म्हैस गवतात शिरली. टण्ण टण्ण नाकतोडे उडाले.

बगळ्याने पाहिलं. दुसरा पाय खाली आला. टक टक, टक टक. बगळा हलला. म्हशीच्या मागे मागे गेला.

बिळातून दोन डोळे बाहेर आले. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग दोन नांग्या आल्या. मग सगळा खेकडा निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. तिरका तिरका ओढ्याकडे. ओढ्यात एक डोह उरला होता. डुबुक.

चांगुणा लगेच उठली. वाकून तिने बिळात पाहिलं. आत कोणी राहिलं नव्हतं ना? नव्हतं. मग दगड घातला. माती लोटली. पायाने दाबली. धप धप, धप धप. बीळ बुजलं.

मग तिने काठी रोवली. काठीला लाल फडकं बांधलं. फडफड, फडफड. निशाण लागलं.

वर, लांब, धरणाच्या भिंतीवर लहानूबाबांनी डोळ्यांवर हात धरला. निशाण दिसलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. कुईं कुईं, कुईं कुईं. चाक फिरलं.

खडड खडड. दार उघडलं.

आणि पाणी आलं. खळखळ खळखळ. पाटातली वाळकी पानं पुढे धावली. सरडा टुणकन उडी मारून बांधावर गेला आणि रागाने बघत बसला. पाट वाहिला.

पहिलं वळण. तिथल्या शेतालाही तहान लागली होती. पण तिथल्या आजोबांनी पाणी वळवलं नाही. फक्त पाय बुडवले. दुसरं वळण. तिथेही कोणी पाणी वळवलं नाही. पहिलं पाणी शेवटच्या शेताचं. पाणी खाली खाली जात राहिलं.

पण माशी कुठे होती?

माशी आपल्या दगडावर होती. तिथे आता एक मुंगी नव्हती. रांग होती. रांग दगडावर चढत होती. सर सर, सर सर.

माशीने पंख फडफडवले. मुंग्या थांबल्या. पुन्हा निघाल्या. मग माशी मडक्यावर बसली. उघड्या तोंडावर तिने आपलं पोट ठेवलं. घट्ट. आता आत कोणालाही जाता येणार नव्हतं. पण माशीलाही कुठे जाता येणार नव्हतं.

पाणी येईल का? वेळेवर येईल का?

माशी बसून राहिली.

आधी आला वास. ओला, गार वास. मग आला आवाज. खळखळ खळखळ. मग आलं पाणी. पानं पुढे, पाणी मागे. ते दगडाशी आलं. दगडाच्या या बाजूने गेलं. दगडाच्या त्या बाजूने गेलं. दगडाभोवती तळं झालं.

मुंग्यांनी खाली पाहिलं. आणखी उशीर केला तर घरी जायचं कसं? दगडाला टेकून गवताचं एक लांब पातं बांधावर गेलं होतं. रांग वळली. सर सर, सर सर. त्या पात्यावरून मुंग्या आपल्या घरी गेल्या. एक, दोन, तीन, सगळ्या.

माशीने पोट उचललं. आत डोकावली. अंडं होतं. पांढरं. जिथे ठेवलं होतं तिथेच.

म्हैस उठली,
बगळा हलला,
खेकडा निघाला,
बीळ बुजलं,
निशाण लागलं,
चाक फिरलं,
दार उघडलं,
पाट वाहिला,
माती भिजली.

माशी काठावर उतरली. माती मऊ होती. लोण्यासारखी. तिने एक गोळी केली. धरणाच्या एवढ्या पाण्यातून तिला हवी होती एवढीच. मुगाच्या दाण्याएवढी.

भुणभुण, थाप थाप.
भुणभुण, थाप थाप.

मडक्याचं तोंड मिटलं.

चांगुणाच्या कांद्यांत पाणी शिरत होतं. चंद्री खळग्याशी उभी राहून वाट बघत होती. पण माशीने तिकडे पाहिलं नाही. तिने मडक्याला एक फेरी मारली. पायाने चाचपून पाहिलं. कुठे फट नव्हती.

मडक्यात आता अंधार झाला होता. मऊ, गार अंधार. त्यात बाळ निजलं होतं.

म्हणून आता आपण हळू बोलायचं.